हाफोद लासचा तिसरा जीव

हाफोद लास या शेतावरचा इथेल त्रेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याला शिडीवर पाय ठेवायची परवानगी नव्हती. हसू नका. शिडी, बैल, कुऱ्हाड, नदीचा काठ आणि परक्याचा घोडा, एवढ्या गोष्टी त्याला जन्मापासून बंद होत्या, आणि त्याची थोरली बहीण लाउरी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवायची. छपराची दगडी पाटी सरकली तर वर चढायची ती लाउरी. बर्फात मेंढरं अडकली तर कमरेला दोर बांधून जायची तीही लाउरीच. तिचा पाय मोडला काय, मान मोडली काय, कुणाचं काही अडणार नव्हतं. इथेलला साधी शिंक आली तरी सगळं घर हातातलं काम टाकून उभं राहायचं.

असं का, ते सांगायचं तर प्लासपासून सुरुवात करायला हवी. आमच्या खोऱ्यात कुठल्याही गोष्टीची सुरुवात तिथूनच होते. प्लास गार्थेरिन ही आमच्या धन्याची हवेली. बावीस धुराडी, पुढे तळं, मागे हरणांचं रान. कुठल्याशा लढाईत कुठल्याशा राजाच्या बाजूनं एक पूर्वज वेळेवर धावून आला, म्हणून ही जहागीर मिळाली म्हणतात. धावून आला की धावून गेला, याबद्दल खोऱ्यात दोन मतं आहेत. त्याच्या नातवानं हवेली बांधली, पणतूनं तळं खणलं, आणि मग आले म्हातारे धनी. शिकारी कुत्री आणि शर्यतीचे घोडे यांपलीकडे त्यांना जगात काही दिसत नसे. हातात रोकड हवी म्हणून त्यांनी कुळांना तीन जिवांचे पट्टे लिहून दिले.

तीन जिवांचा पट्टा म्हणजे असा. कुळानं घरातल्या तिघांची नावं द्यायची. तिघांतला एक जरी जिवंत असेल तोवर शेत कुळाचं. शेवटचा गेला की शेत परत प्लासचं. शिवाय प्रत्येक जिवामागे गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर प्लासवर नेऊन द्यायचं. म्हणजे घरात मयत, आणि गोठाही रिकामा. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला धन्य म्हणायचं!

अठराशे तीन सालच्या मार्चमध्ये लाउरीचा बाप मैरिग पट्टा करायला प्लासवर गेला. पहिला जीव त्याचा म्हातारा बाप, दुसरा तो स्वतः. तिसरा कोण? घरात दोन लेकरं. चार वर्षांची लाउरी गोवरानं फणफणलेली, आणि दोन महिन्यांचा इथेल, गुटगुटीत, लोण्याच्या गोळ्यासारखा. सुईण सांगून गेली होती, पोरगी आठवडा काढत नाही. मैरिगनं इथेलचं नाव दिलं. कागदावर लाखेचा शिक्का बसला, आणि आठव्या दिवशी लाउरी अंथरुणात उठून बसली आणि ताक मागायला लागली. त्यानंतर ती आजारी म्हणून कधी पडलीच नाही.

मैरिगचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुठल्याही बापानं तेच केलं असतं. पण पुढे सगळ्या खोऱ्यानं त्याला वेड्यात काढलं, आणि त्यानंही स्वतःला कधी माफ केलं नाही. धडधाकट लेकीकडे बघून तो कधीकधी मान हलवायचा. लाउरीला लहानपणी वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं असावं.

आजोबा म्हातारपणानं गेले. मैरिग मात्र नदीच्या पुरात गेला, लाउरी बावीस वर्षांची असताना. प्रेत घरात होतं आणि प्लासचा माणूस काळी गाय सोडून घेऊन गेला. लाउरीनं दारात उभं राहून ते पाहिलं, मग वळून इथेलकडे पाहिलं. अठरा वर्षांचा, किडकिडीत, डोळे सुजलेले. बापासाठी रडत होता बिचारा. तिच्या मनात मात्र एकच आलं: आता हा एवढाच उरला.

पुढच्या वसंतात इथेल घरातून निघून गेला. बंदरावर जहाज बांधणं चाललं होतं, आणि त्याला सुतारकामाचा भारी नाद. लाउरीनं त्याला खिंडीत गाठलं.

"कुठं निघालास?"

"बंदरावर. सुतार हवेत त्यांना. नंतर जहाजाबरोबरही नेतात."

"आणि बुडालास म्हणजे?"

"सगळेच बुडतात होय गं?"

"बाबा आपल्या दारच्या नदीत बुडाले. तू समुद्रावर निघालास." तिला धाप लागली होती, रागही आला होता. "आईनं कुठं जायचं? मी कुठं जायचं? तुला काही झालं की आम्ही दोघी बोचकी घेऊन रस्त्यावर. तुझा जीव तुझ्या एकट्याचा आहे असं वाटतं का तुला?"

इथेलनं खांद्यावरची हत्यारांची पिशवी उतरवली आणि तिच्या हातात दिली. "नाही, तसं नाही वाटत," तो म्हणाला आणि घराच्या वाटेला लागला. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. पटाशी हातात घुसली तर काय घ्या, म्हणून लाउरीनं ती हत्यारं त्याच आठवड्यात विकून टाकली.

आणि मग वर्षांमागून वर्षं गेली. दर मार्चच्या पंचवीस तारखेला इथेलला प्लासवर हजेरी द्यावी लागे. मागच्या दारात उभं राहायचं, कारभाऱ्यानं डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचं, आणि पेलाभर बियर पिऊन परत यायचं. जुना कारभारी विचारायचा, "काय रे, आहेस का अजून?" इथेल म्हणायचा, "आहे साहेब, तुमच्या दुर्दैवानं." दोघंही हसायचे. घरी आल्यावर तो लाउरीला सांगायचा, "दात तेवढे मोजले नाहीत, बाकी घोड्यांच्या बाजारात काही कमी नसतं." तीही हसायची. पण त्या दिवशी तिला घास गोड लागायचा, कारण अजून एक वर्ष निभावलं होतं.

म्हातारे धनी गेले. नवे धनी लंडनला राहू लागले आणि त्यांना खोऱ्यात माणसांपेक्षा मेंढरं बरी वाटू लागली. पट्टा संपला की घराचं छप्पर उतरवायचं आणि भिंती पाडून कुरण करायचं, असा हुकूम आला. सतरा पट्ट्यांतले पंधरा संपले. लाउरी डोंगरावरून खाली पाहायची तेव्हा बिनछपराची घरं तिला मोजायची नसली तरी दिसायचीच. आई गेली. लाउरीनं लग्न केलं नाही, इथेललाही करू दिलं नाही म्हणा ना. सून आली की तिचं ऐकेल, आणि तिनं बंदरावर जाऊ म्हटलं तर?

अठराशे शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत लाउरी गोठ्याच्या छपरावरून घसरली आणि तिचा घोटा सुजून हा एवढा झाला. त्यात बर्फ पडला. दुपारी मेंढरं आत घेतली तर एक गाभण मेंढी कमी. इथेलनं कोट अंगात घातला.

"मी बघून येतो."

"बघून येतो म्हणे! उंबरा ओलांडलास तर तंगडं मोडीन."

"तुझं मोडलंय ते आधी सांभाळ," तो म्हणाला आणि हसत हसत गेला. लाउरी बाकावरून ओरडत राहिली.

अंधार पडायच्या आत तो परत आला. मेंढी मागे, कोकरू सदऱ्याच्या आत, आणि स्वतः गळ्यापर्यंत चिंब. "लाउरी, मी पडलो!" तो दारातूनच म्हणाला. "ओढ्यात पडलो, बर्फ फुटला ना! पार मानेपर्यंत गेलो! आणि आलो की वर!" त्यानं हे तीनदा सांगितलं. दोन वाडगे सूप प्यायला, कोकराला चुलीपाशी घेऊन बसला, आणि मेंढी कुठल्या खडकामागे होती, कशी बिचकली, कशी मग आपणहून मागे आली, हे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. त्रेचाळीस वर्षांत लाउरीनं त्याला असं पाहिलं नव्हतं. आणि तो सगळा वेळ तिनं त्याला शिव्या घालण्यात घालवला. अक्कल आहे का, लाज आहे का, कुणाच्या जिवावर उड्या मारतोस. तो मान खाली घालून ऐकत होता, पण हसू काही त्याच्यानं आवरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. खिंड बर्फानं बंद, डॉक्टर येणार कुठून? खालच्या वस्तीतला चुलतभाऊ शेंकिन तेवढा चालत आला. लाउरी लंगडत लंगडत सगळं करत होती. छातीला शेक दे, दूध दे, घाम पूस. सहाव्या दिवशी दुपारी इथेलनं डोळे उघडले.

"एक विचारू का? रागवायचं नाही."

"विचार."

"एवढं करतेस ते माझ्यासाठी की शेतासाठी?"

"गप्प पड," लाउरी म्हणाली. "बोललास की धाप लागते."

"बरं," तो म्हणाला. ती दूध तापवायला वळली, आणि परत येऊन पाहते तर तो गेलेला होता.

खरं ते सांगतो. तिच्या मनात आधी शेत आलं. भावाचे डोळे मिटायलाही हात पुढे झाला नव्हता, तेव्हा शेत आलं. मग तिला ते कळलं, आणि ती भिंत धरून खाली बसली. रडू मात्र येईना.

शेंकिननं टोपी काढली, दोन मिनिटं उभा राहिला, आणि दार लावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण डोकं नको तितकं चालतं त्याचं.

"ताई, कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? आत्ता तर गेला."

"मग सांगू नकोस. माझा भाऊ दायो आहे ना खिंडीपलीकडे? छत्तीसचा आहे, आपल्या घराचंच लांब नाक, अंगानंही तसाच. नव्या कारभाऱ्यानं इथेलला पाहिलंय एकदाच, तेही मफलरमध्ये गुंडाळलेला. मार्चमध्ये दायो जाऊन उभा राहील. दायो म्हणजे इथेल."

"आणि शेजारी?"

"शेजारी प्लासला सांगायला जातील होय? पंधरा घरं गेलीत खोऱ्यातली. कुणी तोंड उघडणार नाही. एकच आहे, चर्चमध्ये पुरता येणार नाही. तिथला पाद्री, व्हिकर, दर रविवारी प्लासवर जेवतो." त्यानं आवाज खाली आणला. "गोठ्यामागे पुरू. दगडही नको. तीस वर्षं मिळतील ताई, तीस! तुझा जन्म निघेल."

लाउरी हो म्हणाली. तिला दोष देणाऱ्यानं आधी आपल्या डोक्यावरचं छप्पर गमावून बघावं. जमीन गोठलेली होती. शेंकिननं तीन दिवस थोडी थोडी आग पेटवून ती मऊ केली आणि खड्डा खणला. दायो आला की दोघा भावांनी मिळून पुरायचं ठरलं; तोवर इथेल मागच्या थंड खोलीत, चादरीखाली.

इथेल गेल्याच्या सातव्या दिवशी, रविवारी दुपारी, खिंड मोकळी झाल्याबरोबर शेंकिनच्या निरोपावरून दायो आला. गरीब स्वभावाचा, लाजरा माणूस. त्यानं दारात टोपी काढून "वाईट झालं, ताई" म्हटलं आणि काय करू, कुठे बसू, अशा नजरेनं इकडेतिकडे पाहत राहिला. शेंकिननं त्याला इथेलचा कोट दिला. कोट अगदी मापात बसला.

"आता अंगणात जाऊन ये," शेंकिन म्हणाला. "ताई, तू त्याला नावानं हाक मार. सवय करायला हवी. चारचौघांत चुकून दायो निघायचं तोंडातून."

दायो अंगणात गेला. लाउरी दारात उभी राहिली. समोर भावाचा कोट होता, भावाचं नाक होतं. तिनं तोंड उघडलं, आणि आवाज आपोआप बाहेर आला, तसाच, रोजचा.

"इथेल, जेवायला ये. जपून रे, पायरी ओली आहे."

दायोनं खाली पाहिलं आणि पायरीवर जपून पाय ठेवला.

एवढंच का? त्रेचाळीस वर्षं आपण इथेलला एवढंच सांगत आलो. जपून. पायरी ओली आहे, वारं सुटलंय, नदी भरलीय, जपून. आणि ते आज या परक्या माणसालाही जसंच्या तसं लागू पडलं. कोट घातलेला कुणीही चालला असता. तिला इथेलशी बोललेलं दुसरं काही आठवेना. आठवायला गेली तर खिंडीतलं भांडण आठवलं आणि कोकरू आणलं त्या रात्रीच्या शिव्या आठवल्या.

"कोट काढ," ती म्हणाली.

"ताई, छान जमलं की! कुणाला..."

"शेंकिन, त्याला कोट काढायला सांग. आणि तो खड्डा बुजव."

शेंकिन आधी समजुतीनं बोलला, मग चिडला. "मेलेल्याला काय कळतंय गं? चर्चमध्ये पुरलं काय नि गोठ्यामागे पुरलं काय! तू राहशील कुठं? सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला चाकरीवर तरी कोण ठेवेल?"

"ते मला माहीत नाही."

"मग?"

"मग काही नाही. दगडावर त्याचं नाव पाहिजे. त्याचं. तुझा भाऊ त्या नावानं जेवणार आणि तो गोठ्यामागे बिननावाचा पडणार, हे मला जमायचं नाही. आजवर त्याचं सगळं घेतलं मी. नाव तरी नको घ्यायला."

दायोनं केव्हाच कोट उतरवून नीट घडी घालून बाकावर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाउरीनं गोठ्यातली सेरेन सोडली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, वीस वर्षांत अशी गाय त्या गोठ्यात झाली नव्हती. तिला दोरी लावून लाउरी लंगडत प्लासच्या रस्त्याला लागली. आमच्याकडे मरण सांगायला माणूस फिरवावा लागत नाही. बाजाराचा दिवस नसताना कुणी गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर घेऊन प्लासकडे निघालं की खोरं काय ते समजतं. गिरणीपाशी पोती उतरवणाऱ्यांनी टोप्या काढल्या. पुलावर म्हातारी बेत्सान हातातली बादली खाली ठेवून उभी राहिली. "इथेल गं?" तिनं विचारलं. लाउरीनं मान हलवली. "अरे देवा," बेत्सान म्हणाली, "आणि तू चाललीस सांगायला?" लाउरी थांबली नाही. पाय फार दुखत होता.

नवा कारभारी प्राइस शेजारच्या परगण्यातला, आमच्याच भाषेतला, वयानं तरुण. गाय पाहून तो कचेरीच्या दारात आला.

"बाई, कुणाची गाय ही?"

"प्लासची, साहेब. आजपासून."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं तिला आत नेलं, खुर्ची दिली. ती बसली नाही. त्यानं कपाटातून पट्ट्यांची जाडजूड वही काढली, हाफोद लासचं पान उघडलं. आजोबांच्या नावावर रेघ, बापाच्या नावावर रेघ. खाली लिहिलेलं: तिसरा जीव, इथेल, वय दोन महिने.

"मे महिन्यापर्यंत घर रिकामं करावं लागेल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तो नियम माझा नाही, बाई."

"ठाऊक आहे."

"व्हिकरसाहेबांना चिठ्ठी देतो, म्हणजे पुरायचं अडणार नाही." त्यानं टाक बुडवला. "इथेल मैरिग. वय त्रेचाळीस. काम काय करायचा?"

लाउरीनं सुतार म्हणावं तर हत्यारं तिनंच विकलेली. शेतकरी म्हणावं तर नांगराला त्याला कुणी हात लावू दिला नव्हता. प्राइस वाट पाहत होता. त्यानं वहीकडे बोट केलं. "इथं नुसतं तिसरा जीव एवढंच आहे. तेच लिहू का?"

"नको!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की बाहेर गाय दचकली. "ते नको. मेंढपाळ लिहा."

"मेंढपाळ?" प्राइसनं मान वर केली. "मी तर ऐकलं होतं की त्याला... असो. किती वर्षं होता मेंढपाळ?"

"एक दिवस."

थट्टा आहे की काय, असं त्याला वाटलं असावं. पण तिचा चेहरा पाहून त्यानं टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"एकच दिवस, साहेब," लाउरी म्हणाली, आणि आठ दिवस अडून बसलेलं रडू तिथं, त्या परक्या माणसासमोर, उभ्या उभ्या फुटलं. "मेंढी जगली. कोकरूही जगलं. घरी आला तेव्हा इतका खूश होता हो तो, इतका खूश, आणि मी त्याला नुसती ओरडत राहिले."